दाताचा उभा छेद आतून बाहेर कसा काढावा

दाताच्या उभ्या छेदाची आकृती काढताना बहुतेक विद्यार्थी बाहेरच्या एनॅमलपासून, म्हणजे दाताच्या कठीण आवरणापासून, सुरुवात करतात आणि मधली पोकळी म्हणजे उरलेली जागा समजून मोकळी सोडतात. हा क्रम उलटा करावा, कारण डेंटिन हा दाताचा सर्वांत मोठा भाग पोकळीतील दंतमज्जेच्या, म्हणजेच पल्पच्या, पेशींनीच घडवलेला असतो.

खालच्या जबड्यातील दाढ निवडावी. प्रथम मज्जेचा कोष काढून त्याची टोके दाढेच्या उंचवट्यांच्या दिशेने किंचित वर न्यावीत आणि खाली दोन्ही मुळांत निमुळत्या होत जाणाऱ्या नलिका दाखवाव्यात. मुळाच्या टोकाशी रेषा बंद करू नये. तेथील बारीक छिद्रातूनच रक्तवाहिन्या व मज्जातंतू आत येतात. कोषाच्या भिंती कठीण असल्यामुळे सुजलेल्या मज्जेला पसरायला जागा मिळत नाही, आणि किडलेल्या दाढेचा ठणका असह्य का होतो याचे एक कारण आकृतीतच दिसते.

आता कोषाच्या कडेने डेंटिन घडवणाऱ्या पेशींची एक रांग काढून तिच्याबाहेर फिकट पिवळ्या डेंटिनचा जाड थर रंगवावा. वजनाने सुमारे 70 टक्के खनिज असलेला हा थर एनॅमलपेक्षा मऊ, पण लवचीक असतो आणि वरच्या ठिसूळ एनॅमलला आधार देतो. त्यातील सूक्ष्म नलिका मज्जेपासून बाहेरच्या दिशेने रेषांनी दाखवाव्यात. त्या आत दाट आणि बाहेर विरळ असाव्यात; हे केवळ सजावटीसाठी नाही, कारण मज्जेजवळ त्यांची संख्या दर चौरस मिलिमीटरला साधारण 45,000 किंवा त्याहून अधिक असते, तर एनॅमलजवळ 20,000 च्या आसपास उतरते. नलिकांत द्रव असतो. हिरडी मागे सरून किंवा एनॅमल झिजून त्या उघड्या पडल्या की गार पाण्याने हा द्रव हलतो, आतील मज्जातंतू चेतवले जातात आणि क्षणभर सणक येते.

शेवटी माथ्यावर एनॅमल आणि मुळांवर सिमेंटमचा पातळ थर काढावा. त्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

मज्जेतील पेशी आयुष्यभर हळूहळू डेंटिन घालत राहतात, त्यामुळे उतारवयात कोष आक्रसतो आणि मुळांतील नलिका अरुंद होतात. म्हणून दाढ तरुण व्यक्तीची आहे की वृद्धाची, हे आकृतीखाली लिहावे आणि कोषाचा आकार त्यानुसार ठेवावा.