मूल हट्टी आहे की त्याला फिट येते? कसं ओळखावं आणि पुढे काय करावं

‘वर्गात मध्येच उठून फिरतो, हाक मारली तर ओ देत नाही, नंतर म्हणतो मला आठवत नाही.’ शाळेतून अशी तक्रार आली की घरात निष्कर्ष तयारच असतो: लाडावलाय. मूल आधीच एडीएचडीचं (अतिचंचल, लक्ष न टिकणारं) किंवा स्वमग्न (ऑटिझम असलेलं) असेल, तर सगळं त्याच खात्यावर जमा होतं. पण मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट, जिला पूर्वी पार्शल म्हणत आणि आता फोकल म्हणतात, हुबेहूब अशी दिसू शकते. तिच्यात बहुतेकदा मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. म्हणून आकडीची शंकाही कुणाला येत नाही.

आधी साचा शोधा

हट्टाला कारण असतं. मोबाइल काढून घेतला, अभ्यासाला बसवलं, की आरडाओरडा सुरू. हवं ते मिळालं की बहुधा शांत. फिटला असं कारण लागत नाही, आणि ती दर वेळी जवळपास तशीच्या तशी येते. खेळता खेळता मूल थांबतं, नजर स्थिरावते, ओठ चाटतं, तोंडात काही नसताना चघळतं, शर्टाची बटणं चाचपत राहतं. हे साधारण अर्धं ते दोन मिनिटं चालतं. मग काही वेळ ते गोंधळलेलं, पेंगुळलेलं असतं.

काही मुलं सुरुवातीलाच घाबरून आईला बिलगतात. पोटातून काहीतरी वर चढतं, घाण वास येतो, असं मोठं मूल सांगू शकतं. लहान मूल नुसतं ‘पोटात दुखतं’ म्हणतं. कपाळामागच्या भागातली फिट तर बरेचदा झोपेत येते: अचानक ओरडणं, हातपाय झाडणं, एका रात्रीत अनेकदा. घरचे त्याला वाईट स्वप्न समजतात.

मारामारीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. भावाच्या अंगावर नेम धरून डबा फेकणं ही फिट नव्हे. फिटमध्ये किंवा नंतरच्या गोंधळात मुलाला आवळून धरलं तर ते ढकलेल, ओरबाडेल. पण कुणाला शोधून मारणार नाही. प्रत्येक आकांडतांडवाला फिट ठरवणं हेही मुलाचं नुकसानच आहे.

व्हिडिओ काढा, वही ठेवा

डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते, त्यामुळे मोबाइलवरचा व्हिडिओ फार मोलाचा. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या. नावानं हाक मारा, खांद्याला हात लावा. तंद्रीतलं मूल सहसा भानावर येतं, फिटमधलं येत नाही. एखादा शब्द सांगा, ‘आंबा’ म्हणा, आणि सावरल्यावर तो विचारा. वहीत तारीख, वेळ, किती सेकंद, आधीची झोप आणि ताप लिहा. शिक्षकांनाही हेच लिहायला सांगा.

जेमतेम दहा-पंधरा सेकंद टक लावून मूल लगेच होतं ते काम पुढे चालू करत असेल, तर तो ॲबसेन्स प्रकार असू शकतो. हा फरक डॉक्टरांना नक्की सांगा, कारण फोकल फिटसाठी चालणारं कार्बामाझेपीन हे औषध त्यात त्रास वाढवू शकतं.

तपासण्या

बालरोगतज्ज्ञांकडून बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. खर्चाची अडचण असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शाळा-अंगणवाडीत येणारं तपासणी पथक पुढच्या उपचारांसाठी पाठवू शकतं. ईईजीला (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीला) जाताना केस धुऊन, तेल न लावता जा. रात्रीची झोप कमी ठेवायला सांगतील, ते पाळा. ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाही असं होत नाही. उलट, स्वमग्न मुलांत कधीही फिट न येता ईईजीत दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये आपल्याकडे कधीकधी फीतकृमीच्या अळीची गाठ सापडते. या कृमीची अंडी अस्वच्छ हात, पाणी, कच्च्या भाज्यांतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरंही सुटत नाहीत.

औषध आणि वागणं

ऑक्सकार्बाझेपीन, कार्बामाझेपीन, लेव्हेटिरासिटाम ही नेहमीची औषधं. लेव्हेटिरासिटाममुळे काही मुलं प्रचंड चिडचिडी, आक्रमक होतात. फिनोबार्बिटोननं चंचलपणा वाढू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत मुलाच्या वागण्याचा सगळा इतिहास सांगा, आणि औषध सुरू झाल्यावर वहीत वागण्याचा रकानाही ठेवा. स्वभाव बिघडला तर डॉक्टरांना लगेच कळवा, पण गोळ्या मनानं बंद करू नका. एकदम थांबवल्यानं लांबणारी, धोकादायक फिट येऊ शकते. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

सुमारे दोन वर्षं एकही फिट आली नाही तर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होतो. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी करावी का, हे विचारा.

फिट चालू असताना

मुलाला धरून ठेवू नका. जिना, गॅस, रस्ता यांपासून हळूच दूर न्या. झटके येऊन पडलं तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काहीही नको. कांदा-चप्पल हुंगवण्यानं काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी आधी दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे सांगितल्या मात्रेत मारा आणि दवाखाना गाठा.

फिट आटोक्यात आल्यावरही चंचलपणा उरू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असणं नेहमीचंच आहे. वर्तनोपचार बंद करू नका. एडीएचडीचं मिथाइलफेनिडेटही फिट असलेल्या मुलांना देखरेखीखाली देता येतं. फक्त मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना आणि त्यांची यांना, दर भेटीत दाखवत जा.