टोकन देण्याआधी गच्चीवर जाऊन या

ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनला, उपवनच्या अंगाला, टॉप फ्लोअरचं ड्युप्लेक्स, म्हणजे आतून जिना असलेलं दोन मजली घर, बघायला निघाला असाल तर एजंटकडे वेळ जुलैतली मागा, आणि तीही पाऊस लागून चार दिवस झाल्यावरची. थंडीत येऊरचा डोंगर, खालचे कॅफे, संध्याकाळचा वारा, सगळंच गोड दिसतं. आम्ही आमचं घर फेब्रुवारीत पाहिलं. जूनच्या शेवटी वरच्या बेडरूममध्ये पंख्याच्या वाटीतून थेंब पडायला लागले, बरोबर पलंगाच्या मधोमध.

म्हणून फ्लॅटच्या आत शिरण्याआधी गच्ची. ‘किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि ते गावाला गेलेत’ असं उत्तर आलं तर पुन्हा खेप घाला, पण गच्ची न बघता टोकन देऊ नका. कोबा म्हणजे वरचा सिमेंटचा थर कुठे फुटलाय, चायना चिप्स म्हणजे त्यावर बसवलेले चिनीमातीचे तुकडे कुठे उखडलेत, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं, पाइपांची तोंडं पाल्याने तुंबलीत का, कठड्याच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का, हे सगळं नुसतं फेरी मारून दिसतं. टाकी आणि लिफ्टची मशीन रूम नेमकी कोणत्या खोलीवर येते ते पावलं टाकून मोजा. मशीन रूमचा आवाज दिवसा कानाला लागत नाही, रात्री साडेअकराला लागतो. मग खाली येऊन नाण्याने भिंती आणि स्टुलावर चढून छत वाजवा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे. पूर्ण घरात एकाच खोलीला ताजा रंग दिसला तर तिथे जरा जास्त वेळ थांबा आणि भिंतीतलं कपाट उघडून वास घ्या.

‘वरची गच्ची आपलीच समजा’ हे वाक्य ऐकवलं जाईल. तशी ती नसते. मंजूर नकाशात आणि करारनाम्यात फ्लॅटला जोडलेली टेरेस वेगळी दाखवली असेल तेवढीच तुमची, बाकी गच्ची सोसायटीची सामाईक. याची चांगली बाजू अशी की गच्चीतून पावसाचं पाणी गळून तुमचं छत खराब झालं, तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्तीचा खर्च सोसायटीने करायचा असतो. प्रत्यक्षात खालच्या मजल्यांवरचे सभासद ‘आमच्याकडे कुठे गळतंय’ म्हणून हात वर करतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागून वाचा. वॉटरप्रूफिंगचा विषय दरवर्षी पुढे ढकललेला असेल तर पुढच्या वर्षी तो मांडणारे तुम्ही असाल. इमारत नवी असली तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दिसलेले बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. ती मुदत कधी संपते ते ताबापत्र बघून लिहून ठेवा.

आता जिना. ठाण्यात ड्युप्लेक्स म्हणून दाखवली जाणारी बरीच घरं मुळात एकावर एक असलेले दोन फ्लॅट असतात आणि मधला स्लॅब कुणीतरी नंतर कापून जिना बसवलेला असतो. ओळखायचं कसं? वीजमीटर दोन, मालमत्ता कराची बिलं दोन, शेअर सर्टिफिकेटं दोन, आणि वरच्या मजल्यावर एक बंद करून टाकलेलं दार. यात वाईट काही नाही, पण महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात तो जिना आहे का हे बघायलाच हवं. नसेल तर स्लॅब कुणी कापला, परवानगी होती का, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद आहे का, हे एकेक विचारा. जिन्याखाली उभं राहून कापलेल्या कडेकडे बघा. कडेला बीम आहे की नुसतं गुळगुळीत प्लास्टर? स्वतःला कळत नसेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण आपला इंजिनिअर घेऊन जा, एजंटने सुचवलेला नको. बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊनच येतो आणि तो न दाखवलेल्या जिन्याशी अडला की कर्जही अडतं. वरचं बंद दार मात्र वापरात आणून घ्या. आग लागली तर वरच्या माणसाला आतल्या जिन्याने धुरात उतरायला लागू नये.

त्याच जिन्याची रुंदी टेपने मोजा. तीन फुटांपेक्षा कमी आणि मध्ये वळण असेल तर डबल बेड वर जाणार नाही. आमचं कपाट शेवटी सुताराने खालीच खोललं आणि वर नेऊन पुन्हा जोडलं. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर खालच्या मजल्यावर एक झोपायची खोली आणि आंघोळीची सोय आहे ना, एवढं पुरे.

पाण्याचं गणित उलटं वाटतं. टाकीच्या सगळ्यात जवळ आपण, आणि नळाला धार सगळ्यात बारीक आपल्याच. दाब नळ टाकीच्या किती खाली आहे त्यावर ठरतो, आणि वरच्या शॉवरपासून टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असते. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन दोन्ही मजल्यांवर भरून बघा. प्रेशर पंप लागणारच असेल तर तो कुठे बसणार ते आधी ठरवा. वरचं बाथरूम खालच्या स्वयंपाकघरावर येत असेल तर त्याचं वॉटरप्रूफिंग राहायला येण्याआधी उरकून घ्या. नंतर ओल आली तर भांडायला कुणी नाही, वरचे शेजारी तुम्हीच.

उन्हासाठी दुपारी चारला एक फेरी मारा. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडतो. शिवाय वर लावलेल्या एसीची गार हवा जिन्यातून खाली हॉलमध्ये उतरते, म्हणून जिन्याच्या तोंडाशी दार नसेल तर प्रत्येक खोलीचं दार घट्ट लागतं का बघा. एसी वाढणार, तेव्हा मीटरचा मंजूर भार विचारून घ्या.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र हे नेहमीचंच. चटईक्षेत्राचा आकडा मात्र नीट विचारा, कारण रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर, तुम्ही कापून भरायचा. खाडीपलीकडे नवी मुंबईत बघत असाल तर सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची असते. पट्ट्याची किती वर्षं उरलीत आणि हस्तांतरणाला सिडकोची परवानगी व शुल्क किती, ते धरूनच हिशेब करा.

सामान हलवायच्या दिवसासाठी सर्व्हिस लिफ्टची वेळ सोसायटीकडून लेखी घ्या. आणि येऊरच्या बाजूच्या बाल्कनीला जाळी लावल्याशिवाय वास्तुशांती ठेवू नका. आमचे गुरुजी संकल्प सांगत होते तेव्हा माकड कठड्यावर बसून होतं, आणि आम्ही डोळे मिटल्यावर पाटावरची केळी फणीसकट गेली.