डेटाबेस सिक्युरिटी शिकताय? एक जुना सीव्हीई मुळापासून वाचा

सिक्युरिटीत नव्याने येणारे बहुतेक जण एसक्यूएल इंजेक्शनपासून (इनपुटमधून डेटाबेसला चोरून हुकूम देण्याच्या हल्ल्यापासून) सुरुवात करतात आणि तिथेच रेंगाळतात. मला विचाराल तर सीव्हीई-२०१६-६६६४ घ्या (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक). मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पर्कोना सर्व्हर, या तिन्ही डेटाबेसांत सापडलेली ही त्रुटी २०१६ मध्ये सुरक्षा संशोधक दाविद गोलुन्स्की यांनी उघड केली.

मला ती आवडली कारण घोळ डेटाबेस इंजिनात नव्हताच. तो होता 'मायएसक्यूएलडी-सेफ' नावाच्या शेल स्क्रिप्टमध्ये. ही स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालते, सर्व्हर मात्र मायएसक्यूएल या कमी अधिकारांच्या युजरखाली सुरू करते आणि तो पडला की पुन्हा उठवते. उठवताना एरर लॉगची फाइल त्या युजरच्या मालकीची करते. आता लॉगची डिरेक्टरी त्याच युजरच्या ताब्यात असेल तर? लॉग काढून त्या जागी एखाद्या सिस्टिम फाइलकडे नेणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) ठेवायची आणि सर्व्हर पाडायचा. प्रोसेस स्वतःचीच, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही. स्क्रिप्ट निमूटपणे त्या सिस्टिम फाइलची मालकी देऊन टाकते. प्रोग्राम सुरू होताना कोणती लायब्ररी आधी लोड करायची हे ठरवणारी फाइल निवडली असेल, तर पुढचा कुठलाही सेटयूआयडी प्रोग्राम (कुणीही चालवला तरी मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालणारा) रूटच्या अधिकाराने आपला कोड चालवतो.

पण आधी मायएसक्यूएल युजर व्हायचं कसं? त्याचं उत्तर सीव्हीई-२०१६-६६६३ मध्ये आहे: टेबल रिपेअर करतानाची रेस कंडिशन, म्हणजे दोन पायऱ्यांमधल्या क्षणात फाइल बदलून टाकण्याची संधी. मशीनवर साधा प्रवेश आणि डेटाबेसचं साधं खातं त्यासाठी पुरतं. म्हणूनच 'लोकल' (आधीच मशीनच्या आत असलेल्यालाच वापरता येणारी) हा शब्द पाहून रिपोर्टच्या तळाशी ढकललेली त्रुटी दिसली की मी वैतागतो. वेबसाइटच्या भोकातून आत आलेला माणूसही लोकलच असतो.

सराव स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवरच करा, नेटवर्क बंद ठेवून. जुनी आवृत्ती टाका, स्टार्टअपवर एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावा, मालकी बदलण्याचा सिस्टिम कॉल नेमका कुठे येतो ते पाहा. मग दुरुस्त स्क्रिप्ट शेजारी ठेवा. सिमलिंकची तपासणी वाढलेली दिसेल. लिनक्सच्या परवानग्या आणि बॅश कच्चं असेल तर आधी ते. एक्सप्लॉइट (त्रुटी वापरणारा तयार कोड) डाउनलोड करून चालवण्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

हे जमलं की एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा सीव्हीई-२०१६-१२४७ उघडा. डेबियनचं पॅकेज, पुन्हा लॉगची डिरेक्टरी, पुन्हा सिमलिंक. यावेळी लॉगरोटेटचा (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या साधनाचा) इशारा मिळाला की रूटचं काम एनजिनएक्सची मुख्य प्रोसेसच करते.