खोकणाऱ्या लेकराचे श्वास मोजा
रात्री खोकून लेकरू उठलं की आपला हात आधी सिरपच्या बाटलीकडे जातो. थांबा. ते शांत झोपल्यावर झबलं वर करा, पोटाची हालचाल बघत पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहानग्यांचा श्वास एकसारखा चालत नाही. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. एरवी झोपताना अर्धा चमचा मध चाटवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र अजिबात नको. आणि ओवा-लसणाची धुरी, उदबत्ती, मच्छर कॉइल बंद, आजी कितीही म्हणाली तरी. दोन आठवडे उलटूनही खोकला हटला नाही, तर छाती तपासून घ्याच.