मिशन, सत्ता आणि शेजारचे धर्म: मंडळीत अभ्यासवर्ग कसा घ्यायचा

तरुण संघात मिशनवर अभ्यास घ्यायचा म्हटलं की आपण लगेच बायबलमधलं मत्तय २८ उघडतो, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, आणि विषय तिथेच संपतो. कळकळीने सांगतो, तिथून सुरू करू नका. लूक १० घ्या. येशू शिष्यांना पाठवताना काय सांगतो, तर पैशाची थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत, आणि पुढ्यात वाढतील ते खा. म्हणजे सुवार्ता नेणारा माणूस पाहुणा आहे, समोरच्याच्या भाकरीवर अवलंबून आहे. हे पोरांच्या डोक्यात बसलं की फळ्यावर एकच प्रश्न लिहा आणि वर्ग संपेपर्यंत पुसू नका: थैली कुणाच्या हातात होती?

मग हाच प्रश्न घेऊन गोवा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज मिशनरी १५७९ ला गोव्यात आले, मराठी शिकले, १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य, गोव्यातल्याच राचोलला छापलं गेलं, जवळपास ११ हजार ओव्या. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चालू होतं आणि १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या कोकणी बोलीवरच बंदी घातली. हे दोन्ही एकाच बैठकीत सांगा, वेगळं केलंत की अर्धंच सांगितल्यासारखं होतं.

सरकार आणि मिशनरी कायम एकच होते असंही नाही हं, १८१३ ला मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकार परतच पाठवायला निघालं होतं.

सगळ्यात जास्त वेळ पंडिता रमाबाईंना द्या. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, राहणं-खाणं तिथल्या सिस्टरांच्या, म्हणजे जोगिणींच्या, आश्रयाने, थैली पूर्ण त्यांच्याकडे, आणि तरी आपल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं हवीत की संस्कृत यावर बाई संस्कृतला धरून बसल्या, ती आपल्या देशाची सुंदर, जुनी भाषा म्हणून. दोन जणींना हा वाद उभं राहून बोलायला लावा. एक सिस्टर, एक रमाबाई. आमच्याकडे सिस्टरची भूमिका करणारी मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, अरे मी तर हिच्या भल्यासाठीच बोलतेय ना! तिथे खरा अभ्यास सुरू झाला.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं थोडक्यात सांगा: १९१७ ला मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळावा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. का सोडली असेल, यावर पोरांनाच बोलू द्या.

पाळकसाहेबांची खुर्ची पुढे टेबलाशी ठेवू नका, गोलात सगळ्यांच्यात ठेवा, नाहीतर पोरं तोंडच उघडत नाहीत.

शेवटची बैठक हिंदू किंवा बौद्ध शेजाऱ्यांसोबत, आणि बोलायचं त्यांनी. आमच्या वेळी एक बौद्ध काका म्हणाले की मिशनच्या शाळेने मला शिकवलं, ते ऋण आहेच, पण प्रार्थनेला उभा राहिलो नाही म्हणून मला वर्गाबाहेर काढलं होतं. अशा वेळी लगेच उत्तर द्यायला धावू नका, ऐकून घ्या, मध्ये शांतता पडली तर पडू द्या. जमलं तर ही बैठक मंडळीच्या हॉलमध्ये न घेता त्यांच्याच घरी घ्या, आणि जाताना डबा नेऊ नका.