जॉइस्ट म्हणजे बीम नव्हे! मॉडेलिंगमधल्या या चुका टाळा

पुण्यातल्या ऑफिसांत बसून आपण अमेरिकेतली गोदामं, दुकानं, शाळा मॉडेल करतो. त्यांच्या छतांना बहुतेक वेळा ओपन वेब जॉइस्ट असतात, म्हणजे वर-खाली दोन पट्ट्या (कॉर्ड) आणि मधे तिरक्या सळ्यांची जाळी असलेल्या पोलादी कैच्या. आपल्या नेहमीच्या कामात हा प्रकार फारसा भेटत नाही, म्हणून नवीन मुलं त्याला सरळ आयएसएमबीसारखं (आपल्या नेहमीच्या आय आकाराच्या बीमसारखं) वागवतात. तिथेच घोळ सुरू होतो.

सगळ्यांत महागात जाते ती सीट, म्हणजे जॉइस्टच्या टोकाचा टेकायचा भाग. जॉइस्ट गर्डरच्या (त्याला आधार देणाऱ्या मोठ्या बीमच्या) अंगाला येऊन जोडला जात नाही, त्याच्या डोक्यावर बसतो. के-सिरीजची (नेहमीच्या जॉइस्टची) सीट अडीच इंच, एलएचची (लांब गाळ्याच्या जॉइस्टची) पाच, त्यातल्या जड जॉइस्टची साडेसात. म्हणजे डेक (छताचा पत्रा) जिथे टेकतो त्याच्या तेवढं खाली गर्डरचा टॉप हवा. तिकडच्या एका सुपरमार्केटच्या कामात मॉडेलरने गर्डर, जॉइस्ट, कडेचे बीम सगळे एकाच लेव्हलला ठेवले होते. थ्रीडीत देखणं दिसत होतं, क्लॅश रिपोर्टही (कुठले भाग एकमेकांत घुसतात त्याची यादी) शून्य. साइटवर जॉइस्ट चढवल्यावर डेक अडीच इंच वर गेला आणि जॉइस्टला समांतर असलेले कडेचे बीम खालीच राहिले. मग त्या बीमांवर लांबच्या लांब ट्यूब वेल्ड करत बसले, पॅरापेटची (छताच्या कठड्याची) उंची कमी पडली ती वेगळीच. आणि हे सगळं एक सेक्शन काढायचा कंटाळा केला म्हणून! मी पहिल्या दिवशी गर्डरवरचा एक सेक्शन हाताने काढते, त्यावर डेकची उंची लिहिते आणि तिथून वजा करत खाली येते. छताला उतार असेल तर सीट आणखी खोल लागते, तो आकडा जॉइस्ट बनवणाऱ्याकडूनच घ्यायचा.

दुसरी चूक म्हणजे रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या जॉइस्टच्या जाळीवर विश्वास. २४के७ मधला २४ म्हणजे इंचांतली खोली, ७ हा कॉर्डच्या ताकदीचा क्रमांक. तिरक्या सळ्या नेमक्या कुठे येतील हे त्या नावात कुठेच नाही. ते बनवणारा ठरवतो आणि दोन कंपन्यांचे पॅनेल (सळ्यांमधले गाळे) सारखे निघतीलच असं नाही. तरी एमईपीवाले (एसी, वीज, प्लंबिंगवाले) मॉडेलमधल्या भोकातून डक्ट बिनधास्त काढतात, आणि बनवणाऱ्याचं शॉप ड्रॉइंग आलं की डक्टच्या मधोमध सळी! डक्ट जाळीतून न्यायचाच असेल तर लागणारी मोकळी जागा आणि तिचं ठिकाण ड्रॉइंगवर लिहून मागा. मी तर शक्यतो जॉइस्टच्या खालूनच नेते. छताची उंची वाचवायला डक्ट जाळीतून नेण्याचा शॉर्टकट मला कधीच पटला नाही.

लोड टेबलातला फक्त काळा आकडा (एकूण सुरक्षित भार) बघून जॉइस्ट निवडू नका, लाल आकडा गाळ्याच्या १/३६० डिफ्लेक्शन (वाक) आणणाऱ्या लाइव्ह लोडचा असतो. १/२४० चालत असेल तर त्याच्या दीडपट.

छतावरच्या एसी युनिटचं वजन 'एकसमान लोड'मध्ये मिसळून मोकळे होऊ नका. जागेसकट द्या. १०० पौंडांपेक्षा जास्त वजन पॅनेल पॉइंट (सळ्या कॉर्डला मिळतात ती जागा) सोडून येत असेल तर तिथून समोरच्या कॉर्डच्या पॅनेल पॉइंटपर्यंत जादा सळी लागते.

वाऱ्याचा नेट अपलिफ्ट (छत वर उचलणारा निव्वळ जोर) ड्रॉइंगवर लिहा. तो नसेल तर खालच्या कॉर्डचं टोकाकडचं ब्रिजिंग (जॉइस्टना आडवं बांधणारा आधार) कोणी आपणहून देणार नाही.

आणि कॉलमजवळ खालच्या कॉर्डचं एक्स्टेन्शन दाखवताना सवयीने वेल्डचं चिन्ह टाकू नका. डेड लोड (छताचं कायमचं वजन) बसायच्या आधी ते वेल्ड केलं तर सिंपली सपोर्टेड (टोकं नुसती टेकलेली) धरलेल्या जॉइस्टच्या टोकाला मोमेंट (वाकवणारा जोर) येतो, जो कोणीच हिशेबात धरलेला नसतो.