ए-लेव्हलला कायदा घ्यायचा असेल तर अभ्यास कसा करावा

इंग्लंडमध्ये साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई या शालेय परीक्षेनंतर विद्यार्थी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात जातात आणि पुढील दोन वर्षे ए-लेव्हलसाठी साधारणपणे तीनच विषय अभ्यासतात. त्या तिनांत कायदा घ्यावा की नाही, याचा निर्णय पुढे वकील व्हायचे आहे की नाही एवढ्यावरच घेऊ नये. विद्यापीठात कायद्याच्या पदवीला प्रवेश घेण्यासाठी ए-लेव्हलला हा विषय घेतलेला असणे बंधनकारक नसते, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारखी विद्यापीठे जी एलनॅट ही प्रवेश परीक्षा घेतात, तीत कायद्याचे ज्ञान तपासलेच जात नाही. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कागदावर नीट मांडण्यात ज्यांना मनापासून रस आहे, त्यांनी हा विषय अवश्य घ्यावा.

सर्वप्रथम आपले कॉलेज कोणत्या मंडळाचा अभ्यासक्रम शिकवते, हे विचारून घ्यावे. एक्यूए मंडळाच्या परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या आणि दोन तासांच्या तीन प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत फौजदारी कायदा, दुसरीत टॉर्ट म्हणजे दिवाणी अपकृत्यांचा कायदा आणि तिसरीत करार किंवा मानवाधिकार यांपैकी एक भाग असतो. शिवाय न्यायव्यवस्था आणि कायद्याचे स्वरूप यांवरचे प्रश्न तिन्हींत विखुरलेले असतात.

या विषयात सर्वाधिक वेळ वाया जातो तो खटल्यांच्या कथा पाठ करण्यात. १९३२ च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यातील जिंजर बिअरची बाटली आणि तीतील गोगलगाय सर्वांनाच आठवते. परंतु आपल्या कृतीमुळे ज्याला हानी पोहोचेल असा अंदाज आपण वाजवीपणे करू शकतो, त्याच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य आपल्यावर असते, हे लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी मांडलेले तत्त्व लिहिले नाही, तर त्या गोगलगायीला उत्तरात फारशी किंमत उरत नाही. म्हणून प्रत्येक खटल्यासाठी एक छोटे कार्ड करावे, त्यावर घटना एका ओळीत आणि न्यायालयाने घालून दिलेला नियम दोन ओळींत लिहावा, आणि उजळणी करताना नेहमी नियमापासून खटल्याकडे जावे.

नियम समजला की तो नव्या घटनेला लावून पाहावा. खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. समजा, परीक्षेला उशीर होत असलेल्या एका मुलाने शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि संध्याकाळी ती जागच्या जागी आणून ठेवली. ही चोरी आहे का? १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमधील कलम १ नुसार चोरीचे पाच घटक आहेत आणि कलम २ ते ६ मध्ये त्यांचे स्पष्टीकरण आहे. सायकल ही मालमत्ता आहे, ती दुसऱ्याची आहे आणि मुलाने तिच्यावर मालकासारखा हक्क चालवला, हे तीन घटक दोन-तीन वाक्यांत सिद्ध करून पुढे जावे, कारण तेथे वाद नाही. मालकाला कळले असते तर त्याने संमती दिली असती, असे मुलाला खरोखर वाटत होते का, हा अप्रामाणिकपणाचा प्रश्न मात्र सविस्तर तपासावा लागतो. त्यानंतरचा घटक म्हणजे मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू. तो येथे दिसत नाही, म्हणून चोरी सिद्ध होणे कठीण आहे. तरीही त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये संमतीवाचून सायकल नेणे हा वेगळा गुन्हा आहे, हे जो विद्यार्थी लिहितो त्याचे उत्तर पूर्ण होते.

याच उदाहरणाबाबत मराठी घरांतील विद्यार्थ्यांनी एक खबरदारी घ्यावी. भारतात वकिली करणारे काका किंवा आत्या आपुलकीने मदत करतात आणि करारासारख्या विषयात ती उपयोगीही पडते, कारण १८९३ चा कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा खटला तेथेही शिकवला जातो. पण भारतीय कायद्यात तात्पुरती नेलेली वस्तूसुद्धा चोरी ठरू शकते. १९६२ मध्ये प्यारेलाल भार्गव खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. तिकडचे उत्तर इकडे लिहिले तर ते चुकते. खुनाची व्याख्या शोधतानाही असाच घोटाळा होतो, कारण ती भारतात कलमात सापडते, तर इंग्लंडमध्ये कॉमन लॉमधून म्हणजे न्यायालयांच्या परंपरेतून आलेली आहे.

जुनी पुस्तके वापरताना प्रकाशनाचे वर्ष पाहावे. अप्रामाणिकपणा ठरवण्याची १९८२ ची घोष कसोटी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आयव्ही विरुद्ध जेंटिंग या निकालाने मागे पडली आणि अपील न्यायालयाने २०२० मध्ये नवी कसोटी फौजदारी खटल्यांनाही लागू असल्याचे निश्चित केले. तरीही जुन्या टिपणांत घोष कसोटी अजून भेटते.

लेखनाचा सराव घड्याळ लावूनच करावा. दोन तासांत १०० गुण म्हणजे ३० गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटे मिळतात, आणि त्यांतील पहिली काही मिनिटे कच्चा आराखडा करण्यात घालवणे हिताचे असते. सुट्टीच्या दिवसांत जवळच्या क्राउन कोर्टाच्या, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या, प्रेक्षक-कक्षात बसून एखादा खटला ऐकावा. त्यासाठी शुल्क लागत नाही. लंडनमधील ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जाणे शक्य नसेल, तर तेथील युक्तिवाद त्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, आणि न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून कोणता प्रश्न विचारतात हे टिपून ठेवल्यास आपल्या उत्तरातील कच्चे दुवे आधीच ओळखता येतात.